डोळ्यांचे कर्करोग आणि निदानापर्यंतची वाट

डोळ्याचा कर्करोग हे एकाच रोगाचे नाव नाही. प्रौढ माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. एवढ्याशा जागेत आणि भोवतालच्या पापण्यांत अनेक जातींच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. त्यांतल्या कोणत्या जातीच्या पेशी बिघडतात, यावर रोगाचे वय, रूप आणि स्वभाव ठरतो. दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींतून लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा होतो. दृष्टिपटलामागे रक्तवाहिन्यांचा थर असतो, त्यातल्या रंगपेशींतून मोठ्या माणसांचा मेलॅनोमा होतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, स्क्वॅमस पेशींची गाठ येते. पापणीतल्या तैलग्रंथीत सुरू होणारा कर्करोग वरून साध्या रांजणवाडीसारखा दिसतो. याखेरीज लिम्फोमा, अश्रुग्रंथीच्या गाठी, तसेच स्तनात किंवा फुप्फुसात सुरू होऊन डोळ्यात उतरणारा कर्करोग यांचाही विचार नेत्रकर्करोगशास्त्रात होतो.

हे सगळे रोग संख्येने थोडे आहेत. मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहाने बिघडलेले दृष्टिपटल यांच्या गर्दीत तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला वर्षभरात असा एक रुग्ण दिसेलच असे नाही. हा विरळपणा हीच पहिली अडचण आहे, कारण क्वचित दिसणारा रोग समोर आला तरी चटकन ओळखू येत नाही. रेटिनोब्लास्टोमा दर १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. जगात दरवर्षी सुमारे ८००० बालकांना तो होतो असा अंदाज आहे, आणि सर्वाधिक जन्म भारतात होत असल्यामुळे या बालकांतला मोठा वाटाही भारताचाच आहे. त्यामुळे भारतातल्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेने या रोगाला विचाराच्या मध्यभागी ठेवणे योग्य ठरते. या क्षेत्रात संशोधनाने सर्वांत लांबचा पल्ला याच रोगात गाठला आहे. उशिरामुळे होणारे नुकसानही याच रोगात सर्वांत स्पष्ट दिसते.

रेटिनोब्लास्टोमाचा आधुनिक इतिहास १८०९ पासून मोजता येतो. त्या वर्षी स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक जेम्स वॉर्ड्रॉप यांनी मुलांच्या डोळ्यातील या गाठीचे स्वतंत्र वर्णन केले. ती दृष्टिपटलातून निघते आणि नेत्रमज्जेच्या वाटेने मेंदूकडे सरकते, हे त्यांनी विच्छेदनातून पाहिले आणि रोग डोळ्यात असेपर्यंतच डोळा काढावा असे सुचवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती आणि डोळ्याच्या आत पाहण्याचे साधनही नव्हते. ईथरची भूल १८४६ साली आली आणि १८५१ साली हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली. मग गाठ बाहेर येण्याआधी आतच दिसू लागली, तिच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य झाले आणि मुले वाचू लागली. म्हणजे पहिला मोठा फरक लवकर पाहता आल्याने पडला होता. पुढच्या औषधांच्या कथेत ही गोष्ट मागे पडू नये.

रोग का होतो याचा उलगडा १९७१ साली झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ बालरुग्णांच्या नोंदी घेऊन वयाचे गणित मांडले. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचे निदान लवकरच्या वयात होते आणि एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांचे उशिरा होते, हे सर्वांना दिसत होते. नुडसन यांनी त्याचा अर्थ लावला. पेशी कर्करोगी होण्यासाठी दोन आघात लागतात. काही मुलांत पहिला आघात जन्मतःच शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून दुसरा एकच पुरतो. इतर मुलांत दोन्ही आघात एकाच पेशीवर व्हावे लागतात, त्याला वेळ लागतो. १९८६ साली स्टीफन फ्रेंड, थॅडियस ड्रायजा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरचे आरबी-१ हे जनुक वेगळे करून दाखवले. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे, म्हणजे गाठ रोखणारे जनुक वेगळे काढता आल्याची ही पहिली वेळ होती. पुढे अनेक अवयवांच्या कर्करोगांचा अभ्यास याच कल्पनेवर उभा राहिला. थोड्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या एका रोगाने साऱ्या कर्करोगशास्त्राला दिलेली ही देणगी आहे.

या ज्ञानाचा रुग्णाच्या घराशी थेट संबंध आहे. सुमारे ४० टक्के मुलांत जनुकातला दोष जन्मापासून सर्व पेशींत असतो आणि तो पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता प्रत्येक अपत्यामागे निम्मी असते. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर दोष जन्मजातच धरावा लागतो. एका डोळ्यातच गाठ असलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्के मुलांत तो सापडतो. तरीही बहुतेक घरांत आधी कोणाला हा रोग झालेला नसतो, कारण दोष त्या बाळातच नव्याने घडलेला असतो. असा नवा दोष बहुधा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर आढळतो. मूल आजारी झाले की गरोदरपणातल्या खाण्यापिण्यावरून, ग्रहणावरून सुनेला बोल लावण्याची सवय अजून गेलेली नाही. अशा घरात जनुकाची ही माहिती आईवडिलांना एकत्र बसवून, साध्या मराठीत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

उपचारांचे संशोधन तीन उद्दिष्टांच्या क्रमाने पुढे गेले: आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. हा क्रम आजही तोच आहे आणि कोणत्याही नव्या तंत्राने तो बदललेला नाही. डोळा वाचवण्याचा पहिला मार्ग किरणोपचारांनी उघडला. १९०३ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये एच. एल. हिल्गार्टनर यांनी एका मुलावर क्ष-किरणांचा प्रयोग केला आणि पुढे अनेक दशके बाहेरून दिलेल्या किरणांनी कितीतरी डोळे राखले. त्याची किंमत उशिरा कळली. जन्मजात दोष असलेल्या मुलांत किरण पडलेल्या भागात हाडांचे आणि मऊ ऊतींचे नवे कर्करोग निघू लागले, शिवाय चेहऱ्याच्या हाडांची वाढ खुंटली. म्हणून १९९० नंतर औषधांकडे वळण घेतले गेले. कार्बोप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन आणि इटोपोसाइड यांच्या फेऱ्यांनी गाठ आकसते. मग उरलेला भाग लेसरने किंवा अतिशीत उपचाराने नष्ट करता येतो.

शिरेतून दिलेले औषध सगळ्या शरीरात फिरते, त्यामुळे ते डोळ्यापुरते कसे पोचवावे हा पुढचा प्रश्न होता. जपानमध्ये अकिहिरो कानेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेल्फलान हे औषध डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात सोडण्याची वाट दाखवली. २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड अब्राम्सन आणि पिएर गोबिन यांनी जांघेतल्या धमनीतून अतिबारीक नळी थेट नेत्रधमनीच्या तोंडापर्यंत नेली. डोळ्यातल्या पारदर्शक गरात तरंगणारे गाठीचे कण मात्र रक्तातल्या औषधाला दाद देत नव्हते. डोळ्यात सुई घातली तर रोग बाहेर पडेल ही भीती रास्त होती. २०१२ साली लोझानचे फ्रान्सिस म्युनिए यांनी सुई काढताना तिचा मार्ग गोठवून बंद करण्यासारखी खबरदारी घेत हे इंजेक्शन सुरक्षितपणे देण्याची पद्धत मांडली. एकेकाळी काढावेच लागले असते असे कित्येक डोळे या दोन तंत्रांनी आज राहतात.

येथे एक नियम प्रत्येक शस्त्रक्रियागृहात पाळला जायला हवा. लहान मुलाच्या डोळ्यात रक्त उतरले असेल, आतले काही दिसत नसेल किंवा सूज कशाची आहे ते कळत नसेल, तर रेटिनोब्लास्टोमा नाही याची खात्री झाल्याशिवाय त्या डोळ्यात सुई किंवा सुरी घालू नये. सोनोग्राफीत गाठीतले चुन्याचे कण बहुधा दिसतात. नेत्रमज्जा आणि मेंदू पाहण्यासाठी एमआरआय करावा. सीटी स्कॅन शक्यतो टाळावा, कारण जन्मजात दोष असलेल्या मुलाला किरणांचा अनावश्यक स्पर्श नको. निदान न करता केलेली एक शस्त्रक्रिया डोळ्यात बंद असलेला रोग डोळ्याबाहेर नेऊ शकते, आणि मग जीव, डोळा, दृष्टी या क्रमातली पहिलीच पायरी ढासळते.

गाठ मर्यादित असेल तेव्हा किरण देण्याचा अधिक सुरक्षित मार्ग म्हणजे प्लाक. किरणोत्सारी द्रव्य असलेली ही छोटी वाटीसारखी चकती गाठीच्या बरोबर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर टाके घालून बसवतात आणि ठरलेली मात्रा पोचली की काही दिवसांनी काढून घेतात. आयोडीन-१२५ च्या चकतीतला किरणोत्सार सुमारे ६० दिवसांत निम्मा होतो. रुथेनियम-१०६ ला त्यासाठी एक वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो, म्हणून ती चकती अनेक रुग्णांसाठी वापरता येते. तिचे किरण फार खोल जात नाहीत. साधारण पाच-सहा मिलिमीटर उंचीच्या गाठींना ती पुरते आणि पलीकडच्या निरोगी भागाला धक्का कमी लागतो. परदेशातून महाग चकत्या आणाव्या लागत असल्याने भारतात हा उपचार फार थोड्या ठिकाणी मिळत असे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या अवशेषांतून रुथेनियम वेगळे काढले आणि देशी चकती तयार केली. टाकाऊ समजल्या गेलेल्या अवशेषातून डोळा वाचवणारे साधन निर्माण होणे, ही महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली आणि अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पुढचे काम ती चकती बसवणारे हात वाढवण्याचे आहे.

मोठ्यांच्या डोळ्यातल्या मेलॅनोमाची कथा वेगळ्या दिशेने जाते. युरोपात आणि अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत दर दहा लाखांमागे वर्षाला पाच-सहा जणांना तो होतो. आशियात तो त्याहून बराच विरळ आहे. डोळा काढल्याने आयुष्य वाढते की प्लाकने डोळा राखूनही तेवढेच मिळते, हा वाद जुना होता. अमेरिकेतील एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १३१७ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पाच वर्षांतले मृत्यू डोळा काढलेल्या गटात १९ टक्के आणि प्लाक बसवलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. तेव्हापासून अशा रुग्णांचा डोळा राखण्याचा प्रयत्न हा नियम झाला.

या रोगाचे दुसरे, कटू सत्यही आहे. डोळ्यातली गाठ पूर्ण नष्ट झाली तरी जवळजवळ निम्म्या रुग्णांत मेलॅनोमा पुढे शरीरात, बहुधा यकृतात, उगवतो. त्याची बीजे उपचाराआधीच पसरलेली असतात. कोणाला हा धोका आहे, हे आता गाठीच्या जनुकांवरून बरेचसे सांगता येते. तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली असणे आणि बॅप-१ हे जनुक निकामी होणे या धोक्याच्या खुणा आहेत. यकृतात पोचलेल्या रोगावर दीर्घकाळ काहीच उपयोगी पडत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने टेबेन्टाफुस्प या औषधाला मान्यता दिली. ते रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशींना गाठीपर्यंत ओढून नेते. चाचणीत एक वर्षानंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के रुग्ण हयात होते, तर तुलनेच्या गटात ५९ टक्के. मात्र ते विशिष्ट ऊतिप्रकार असलेल्या रुग्णांनाच लागू पडते. डोळ्याचा डॉक्टर आणि कर्करोगाचा डॉक्टर यांनी एकाच रुग्णाकडे वर्षानुवर्षे एकत्र पाहायला हवे, हा या रोगाचा धडा आहे.

डोळ्याच्या पृष्ठभागावरचे आणि पापणीचे कर्करोग भारतातल्या बाह्यरुग्ण विभागाला अधिक जवळचे आहेत. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर बुबुळाच्या कडेला मांस वाढल्यासारखे दिसते आणि ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतेही. पण वाढ फुगीर असेल, तिच्यात जाड रक्तवाहिन्या शिरत असतील, वर पांढरी साय असेल, तर ती स्क्वॅमस पेशींची गाठ असू शकते. सूर्याची अतिनील किरणे हे तिचे मोठे कारण आहे. तरुण माणसात ती आढळली तर एचआयव्हीची तपासणी करावी, कारण प्रतिकारशक्ती खालावल्याची पहिली खूण कधीकधी डोळ्यावरच उमटते. या गाठीवर आता सुरीखेरीज थेंबांचाही उपचार आहे. इंटरफेरॉन, मायटोमायसिन आणि फ्लुरोयुरासिल यांचे थेंब योग्य निवड केलेल्या रुग्णांत गाठ विरघळवतात. पापणीत मात्र फसगत जास्त होते. पाश्चात्त्य देशांत पापणीचा बहुतेक कर्करोग बेसल पेशींचा असतो, तर भारतात तैलग्रंथीच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या रांजणवाडीचे किंवा एका बाजूच्या चिवट लालीचे सोंग घेतो. वयस्क माणसाची त्याच जागी परत आलेली गाठ काढली, तर तिचा तुकडा फॉर्मलिनमध्ये घालून तपासणीला पाठवायलाच हवा. बशीत फेकलेला तुकडा पुढे रुग्णाचा जीव घेऊ शकतो.

इतके ज्ञान आणि इतकी साधने हाती असताना निकाल सगळीकडे सारखे का नाहीत, हा आजचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आकड्यांनी मिळाले. २०१७ साली निदान झालेल्या, १५३ देशांतल्या ४३५१ रेटिनोब्लास्टोमा रुग्णांच्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. श्रीमंत देशांत निदानाचे मध्यक वय १४.१ महिने होते, गरीब देशांत ३०.५ महिने. निदानाच्या वेळी रोग डोळ्याबाहेर पडलेला असण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत १.५ टक्के होते, गरीब देशांत ४९.१ टक्के. शरीरात दूरवर पसरलेला रोग एकीकडे ०.३ टक्के मुलांत, दुसरीकडे १८.९ टक्के मुलांत आढळला. गाठीची जात तीच आहे आणि जनुकही तेच आहे. दोन टोकांच्या मुलांत निदानाला साधारण सोळा महिन्यांचे अंतर पडते, आणि ज्या देशांत रोग डोळ्यात असतानाच सापडतो तेथे ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात.

हे महिने कोठे जातात, याचा शोध घेणे हेही संशोधनच आहे. या रोगाची पहिली खूण बहुधा घरातच दिसते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात आईला किंवा आजीला बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. मांजराचा डोळा चमकतो तसा डोळा चमकतो, असे ती शेजारणीला सांगते. जागतिक अभ्यासातही ६२.८ टक्के मुलांत ही पांढरी चमक हीच लक्षात आलेली खूण होती. त्याखालोखाल येतो तिरळेपणा, आणि तो काही घरांत भाग्याचा समजून सोडून दिला जातो. पहिला उशीर अशा रीतीने घरात होतो. दुसरा पहिल्या डॉक्टरकडे होतो. तेथे बाळ रडते, बाहुली लहान असते, आतले दिसत नाही, आणि थेंब देऊन पाठवणी होते. तिसरा उशीर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाताना होतो. बस, मुक्काम, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली दुसरी लेकरे हे त्याचे हप्ते असतात. चौथा उशीर सर्वांत अवघड असतो, आणि तो डोळा काढण्याच्या सल्ल्यानंतर सुरू होतो.

पहिले दोन उशीर थोड्या साधनांनी कमी होऊ शकतात. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांचे निदान साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास आणि एका डोळ्याच्या मुलांचे दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास होते. लसीकरणाच्या वेळापत्रकातही नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने हेच टप्पे येतात. म्हणजे ज्या वयात गाठ दिसू लागते, त्याच वयात गावातले जवळजवळ प्रत्येक बाळ आरोग्यसेविकेच्या मांडीवर येऊन जाते. खोली थोडी अंधारी करून, हातभर अंतरावरून नेत्रदर्शकाचा उजेड दोन्ही बाहुल्यांवर टाकला की निरोगी डोळ्यातून तांबूस उजेड परत येतो. तो पांढरा आला, फिका आला किंवा दोन डोळ्यांत वेगळा आला, तर बाळाला काही दिवसांतच तज्ज्ञाकडे पाठवायचे. या तपासणीला एक मिनिट पुरते. मोतीबिंदूही यातच सापडतो. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जातात. त्यांच्या तपासणीत ही एक मिनिटाची पाहणी आणि आईला विचारायचा एक प्रश्न, ‘बाळाचा डोळा कधी पांढरा चमकतो का?’, एवढी भर पुरेशी आहे.

घराघरांतल्या मोबाइलचाही येथे उपयोग आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा रोग झाल्यावर त्यांनी त्याचे जुने फोटो चाळले आणि निदानाच्या कितीतरी आधीच्या फोटोंत पांढरी चमक सापडली. त्यातून फोटोंत ही चमक शोधणारे अ‍ॅप तयार झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोळ्याचा आजार असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांच्या घरगुती फोटोंत या अ‍ॅपला निदानापूर्वीच चमक आढळली. ती निदानाच्या सरासरी १.३ वर्षे आधीची होती. फ्लॅशच्या फोटोतली प्रत्येक पांढरी बाहुली रोगाची नसते, कधी कॅमेऱ्याच्या कोनामुळेही ती दिसते. म्हणून फोटोवरून निदान करू नये. पण आई फोटो दाखवत असेल तर तो पाहायला हवा आणि बाहुली विस्फारून डोळा तपासायला हवा.

गावपातळीवर अशी जागृती करता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. देशातली पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. ग्रामीण भागात रुग्ण आपणहून रुग्णालयात येत नाही, म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी लक्षणांविषयी बोलले आणि लक्षणे असणाऱ्यांना तपासणीपर्यंत घेऊन आले. नोंद करणारे हात आणि माहिती देणारे हात एकच होते. पुढे तेथे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागल्याचे दिसले. डोळ्याच्या कर्करोगासाठी बार्शीची ही रीत जशीच्या तशी घेता येईल. प्रत्येक बालरुग्णाच्या नोंदीत चार तारखा असाव्यात: घरात खूण दिसली ती, पहिला डॉक्टर भेटला ती, निदान झाले ती आणि उपचार सुरू झाले ती. या चार तारखा असतील तर कोणत्या जिल्ह्यात कोणता उशीर मोठा आहे हे कळेल आणि प्रयत्न तेथेच करता येतील.

चौथ्या उशिराला यंत्राचा इलाज नाही, त्याला संवाद लागतो. गाठीने डोळा भरून गेला असेल तर तो काढणे हाच जीव वाचवण्याचा खात्रीचा मार्ग असतो. शस्त्रक्रिया तासाभराची असते, पण निर्णय आईवडिलांना आयुष्यभर पुरतो. घाईने, उभ्या उभ्या सांगितले तर ते मूल घेऊन निघून जातात आणि काही महिन्यांनी परततात तेव्हा रोग डोळ्याबाहेर आलेला असतो. त्यांना बसवून सांगावे. त्या डोळ्याने मुलाला आता दिसत नाही, हे दुसरा डोळा झाकून दाखवावे. काढलेल्या डोळ्याच्या जागी रोपण बसवतात आणि साधारण सहा आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा कृत्रिम डोळा बसतो, तो हाताळायला द्यावा. असा डोळा लावून शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या आईशी त्यांची भेट घालून द्यावी. आजी-आजोबांचा शब्द घरात चालत असेल तर त्यांनाही बोलवावे. संमतिपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवावे. काढलेल्या डोळ्याची सूक्ष्मदर्शक तपासणी नीट झाली तरच नेत्रमज्जेत किंवा रक्तवाहिन्यांच्या थरात रोग किती शिरला आहे, पुढे औषधे लागतील की नाही, हे ठरते. ही तपासणी टळणे म्हणजे अर्धी शस्त्रक्रिया होणे.

उपचार टिकवण्याचा खर्च औषधापेक्षा बाहेरच अधिक असतो. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेने रुग्णालयाच्या बिलाचा भार बराच हलका केला आहे, पण महिनोन्‌महिने शहरात राहायचे कोठे, हा प्रश्न उरतो. मुंबईत सेंट ज्युड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून कर्करोगाच्या बालरुग्णांना कुटुंबासह राहायला जागा देतात. गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. अशा निवाऱ्याची ओळख पहिल्याच भेटीत करून देणारा सामाजिक कार्यकर्ता प्रत्येक केंद्रात हवा. ठरलेल्या दिवशी मूल आले नाही तर त्याच संध्याकाळी फोन जायला हवा. अर्धवट सुटलेल्या उपचाराने जितकी मुले दगावतात, त्यांतली कित्येक एका फोनने परत येऊ शकतात.

रुग्ण बरा झाला तरी सेवा संपत नाही. एक डोळा गेलेल्या व्यक्तीचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते आणि बहुतेक सवलतींची अट ४० टक्क्यांची आहे, त्यामुळे अशा मुलाला आधार कागदावर मिळत नाही. शाळेने आणि समाजानेच तो द्यावा लागतो. उरलेल्या डोळ्याला मार लागू नये म्हणून खेळताना न फुटणारा चष्मा वापरावा. जन्मजात दोष असलेल्या मुलांना मोठेपणीही इतर कर्करोगांचा धोका राहतो, म्हणून हाडातली चिवट वेदना किंवा नवी गाठ यांची हयगय करू नये आणि आपला इतिहास प्रत्येक डॉक्टरला सांगण्याची सवय त्यांना लावावी.

पुढच्या संशोधनाच्या दिशाही याच गरजांतून निघतात. रेटिनोब्लास्टोमात गाठीचा तुकडा काढणे धोक्याचे असल्याने जनुकांची माहिती डोळा काढल्यावरच मिळत असे. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या जेसी बेरी आणि सहकाऱ्यांनी डोळ्यातल्या पुढच्या द्रवाच्या थेंबांत गाठीचे डीएनए सापडते हे दाखवले. कोणता डोळा वाचेल आणि कोणत्या डोळ्यासाठी मुलाला महिनोन्‌महिने औषधे देऊन थकवू नये, हे त्यावरून आधीच ठरवता येईल अशी आशा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगांसाठी हाती घेतलेल्या उपक्रमात रेटिनोब्लास्टोमा हा लक्ष केंद्रित केलेल्या सहा रोगांपैकी एक आहे आणि २०३० पर्यंत कर्करोग झालेल्या किमान ६० टक्के मुलांनी जगावे असे लक्ष्य आहे. भारतात तज्ज्ञ आहेत, औषधे आहेत, देशी प्लाकही आहे. येथे या रोगातले लक्ष्य याहून पुष्कळ वरचे असायला हवे.

ते गाठता येते याचा दाखला रुग्णांच्या घरांतच मिळतो. ज्या आईला किंवा वडिलांना लहानपणी हा रोग झाला होता आणि ज्यांच्या जनुकातला दोष माहीत आहे, त्यांच्या बाळाची तपासणी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच सुरू होते. गाठ आलीच तर ती मोहरीएवढी असताना सापडते. लेसरच्या काही भेटींत ती विझते, डोळा राहतो आणि बहुधा दृष्टीही राहते. या बाळाला मिळालेले औषध इतर बाळांपेक्षा वेगळे नसते. त्याच्या डोळ्यात वेळेवर कोणीतरी पाहिलेले असते. ज्या घरात या रोगाचे नावही कोणी ऐकलेले नाही, तेथल्या बाळाच्या डोळ्यातही तितक्याच वेळेवर पाहिले जावे, ही व्यवस्था उभारणे हे नेत्रतज्ज्ञांच्या या परिषदेपुढचे काम आहे.